ढगांच्या वरची वीज : खबर, साक्ष आणि तहकीक

मे महिन्याच्या अखेरीस मीरा रोडच्या कोणत्याही उंच इमारतीच्या गच्चीवर इशाच्या नमाजनंतर उभे राहिले, की पूर्वेला घोडबंदरच्या डोंगरांपलीकडे आकाश उजळताना दिसते. एकदा, दोनदा, मग सलग चार-पाच वेळा. गडगडाट मात्र ऐकू येत नाही. विजेचा आवाज साधारणपणे पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे पोहोचत नाही, आणि ते वादळ त्याहून कितीतरी दूर, सह्याद्रीच्या पलीकडे चाललेले असते. मुले विचारतात, "पाऊस येणार का?" आणि मोठी माणसे पश्चिमेकडे, उत्तनच्या समुद्राकडे पाहून म्हणतात, "अजून नाही."

या मुक्या विजेविषयी लिहिण्याचे कारण एक चित्र आहे. नयानगरमध्ये आमचा एक साप्ताहिक अभ्यासवर्ग भरतो. तेथे येणाऱ्या एका महाविद्यालयीन तरुणाने मोबाईलवर आलेले छायाचित्र सर्वांना दाखविले. काळ्या आकाशात ढगांच्या माथ्यावरून उठलेला, वर जाऊन झाडासारखा फाकलेला तांबडा प्रकाश. खाली संदेश होता, की अंतराळातून फरिश्त्याचे छायाचित्र मिळाले असून सूरह अर्-रअदमधील मेघगर्जना व फरिश्त्यांच्या उल्लेखाचा हा पुरावा होय. दहा जणांना पाठवा. त्याने ते दहा जणांना पाठविलेही होते. त्याचा भाव प्रामाणिक होता. अल्लाहच्या ग्रंथाचा सन्मान व्हावा, एवढेच त्याला हवे होते.

छायाचित्र खरे होते, संदेश खोटा होता. हे दोन वेगळे करण्याचे काम सूरह अल्-हुजुरातच्या सहाव्या आयतीने श्रद्धावंतांवर सोपविले आहे: खबर आली तर आधी तहकीक करा, अन्यथा अज्ञानापोटी कुणाचे तरी नुकसान करून बसाल. आपण ही आयत बहुधा भांडणतंटे आणि अफवांच्या संदर्भात ऐकतो. आकाशाविषयीच्या खबरीलाही ती लागू आहे, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

तेव्हा प्रथम त्या छायाचित्राची तहकीक करू. ते ३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून अमेरिकन अंतराळवीर निकोल एयर्स यांनी टिपले. स्थानक त्या वेळी मेक्सिको व अमेरिकेच्या वरून जात होते. (त्याच दिवसांत आपले शुभांशु शुक्ला याच स्थानकावर मुक्कामाला होते.) एयर्स यांनी सुरुवातीला या प्रकाशाला 'स्प्राइट' म्हटले. नंतर तो स्प्राइट नसून त्याहून दुर्मीळ असा 'महाझोत' असल्याचे स्पष्ट झाले व त्यांनी ते मान्य केले. म्हणजे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, हातातील कॅमेऱ्याने टिपले, त्यांनीही आपल्या पहिल्या शब्दाची दुरुस्ती केली. संदेश पुढे पाठविणाऱ्यांपैकी कुणी केली असेल, असे वाटत नाही.

हे स्प्राइट आणि महाझोत म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे.

विजेचा आपल्या परिचयाचा खेळ जमिनीपासून ढगांच्या माथ्यापर्यंत, म्हणजे फार तर सोळा-अठरा किलोमीटर उंचीपर्यंत चालतो. त्याच्या वरही काही घडते, असे वैमानिक फार पूर्वीपासून सांगत. वादळाच्या माथ्यावरून आकाशाकडे जाणारे प्रकाशाचे झोत आम्ही पाहिले, असे ते म्हणत. परंतु प्रकाश क्षणार्धात नाहीसा होई, छायाचित्र नसे, आणि ऐकणारा ते डोळ्यांच्या थकव्यावर ढकलून देई. मेघकक्ष या उपकरणासाठी १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळालेले स्कॉटिश शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी मात्र १९२० च्या दशकातच कागदावर गणित मांडून सांगितले होते, की असे घडायला हवे. त्यांचा युक्तिवाद सोपा आहे. ढगातून मोठा विद्युतभार एकाएकी जमिनीवर उतरला, की ढगाच्या वरच्या आकाशात विजेचा ताण निर्माण होतो. हा ताण उंचीबरोबर कमी होत जातो, हे खरे. पण हवा त्याहून वेगाने विरळ होत जाते, आणि हवा जितकी विरळ, तितक्या कमी ताणाने ती पेटते. म्हणून खाली काही न घडता, फार उंचावर कुठेतरी हवेचा बांध फुटलाच पाहिजे.

गणित होते, पाहणारेही होते, आणि तरीही साठ वर्षे या गोष्टीला मान्यता नव्हती. ६ जुलै १९८९ च्या रात्री अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉन विंकलर आणि त्यांचे सहकारी अग्निबाणावर बसवायच्या एका कॅमेऱ्याची चाचणी घेत होते. कॅमेरा अत्यंत मंद प्रकाश टिपणारा होता. त्याचे तोंड ताऱ्यांकडे होते आणि क्षितिजापलीकडे वादळ होते. चित्रफीत तपासताना दोन चौकटींत प्रकाशाचे उंच स्तंभ आढळले. शोध असा अनपेक्षित लागला. पुढील वर्षी तो 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला, आणि मग अमेरिकन अंतराळ संस्थेच्या शटल यानांतून वादळांवर रोखलेल्या कॅमेऱ्यांच्या फिती काढून पाहिल्या गेल्या. त्यांतही तेच प्रकाश होते. एवढेच की, आजवर त्या दृष्टीने कुणी पाहिले नव्हते.

वैमानिकांना खोटे ठरविणारे चुकले, असे आज म्हणणे सोपे आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. पुराव्याविना मान्य न करणे ही त्यांची चूक नव्हती. शोध न घेता सोडून देणे ही चूक होती. हदीसच्या अभ्यासकांनी एकट्या साक्षीदाराची रिवायत ना डोळे मिटून स्वीकारली, ना हसून फेकून दिली. तिची नोंद ठेवली, तिला दुसरा आधार मिळतो का ते शोधले. वैमानिकांच्या वाट्याला अशी नोंद आली असती, तर कदाचित १९८९ पर्यंत थांबावे लागले नसते.

आज या प्रकाशांचे मुख्य चार प्रकार ओळखले जातात. स्प्राइट हा तांबडा असतो. चाळीस ते नव्वद किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात त्याचे स्तंभ आणि खाली लोंबणारे तंतू दिसतात, जणू समुद्रातील जेलीफिश. आयुष्य काही सहस्रांश सेकंदांचे. तो बहुतेक वेळा 'धन' विजेनंतर उमटतो, म्हणजे ढगाच्या वरच्या भागातील धन विद्युतभार जमिनीवर उतरविणाऱ्या प्रबळ विजेनंतर. जमिनीवर पडणाऱ्या विजांपैकी अशा विजा साधारण दहा टक्के किंवा त्याहूनही कमी असतात. दुसरा प्रकार एल्व्ह. तो सुमारे नव्वद किलोमीटरवर, एका सहस्रांश सेकंदाहूनही कमी काळात, शेकडो किलोमीटर रुंद कड्यासारखा पसरून विझतो. तिसरा निळा झोत. तो ढगाच्या माथ्यावरून वर चाळीस-पन्नास किलोमीटरपर्यंत जातो. आणि चौथा महाझोत, जो ढगापासून थेट सत्तर-नव्वद किलोमीटरपर्यंत पोहोचून ढग आणि वरचे विद्युतभारित आकाश यांना क्षणभर जोडतो. तांबडा आणि निळा, दोन्ही रंग नायट्रोजन वायूचेच. उंचावरच्या विरळ हवेत तो तांबडा प्रकाशतो, खाली दाट हवेत निळा.

नावांविषयी एक खुलासा करावासा वाटतो. स्प्राइट आणि एल्व्ह हे इंग्रजी लोककथांतील पऱ्या-बुटक्यांचे शब्द आहेत. अलास्का विद्यापीठातील डेव्हिस सेंटमन यांनी 'स्प्राइट' हे नाव सुचविले, कारण हे प्रकाश चंचल होते, हाती लागत नव्हते, आणि त्यांचे कारण नक्की ठाऊक नसताना नावातून कारण सुचविणे त्यांना योग्य वाटत नव्हते. ही मूळची सावधगिरी होय. आपल्याकडे ती नावे पोहोचली आणि काही लोकांनी त्यांत जिन्न शोधले.

आता मुख्य प्रश्न. जमिनीवरून हे प्रकाश दिसू शकतात, तर त्यासाठी अंतराळात जाण्याचे प्रयोजन काय? एक कारण तर कोणत्याही पावसाळी रात्री गच्चीवर कळते: वादळ डोक्यावर असेल तर ढगच आडवे येतात, आणि ते दूर असेल तर मधली धूळ, दमटपणा व शहराचा उजेड. निळा प्रकाश तर खालच्या दाट हवेत विखरून जातो. अतिनील किरण जमिनीपर्यंत जवळजवळ येतच नाहीत. अंतराळातून पाहणाऱ्याला मात्र वादळाचा माथा उघडा असतो, त्याच्या आणि प्रकाशाच्या मध्ये फार थोडी हवा असते, आणि एका रात्रीत तो अनेक खंडांवरून जातो. स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून दिवसाला जवळजवळ सोळा प्रदक्षिणा करते. आपल्या मीरा-भाईंदरवरूनही ते जाते. मगरिबनंतर किंवा फज्रच्या आधी, तेजस्वी पण न लुकलुकणारा, संथ सरकणारा बिंदू दिसला तर तो बहुधा तेच असतो.

या निरीक्षणांत एक दुःखद पान आहे. १६ जानेवारी २००३ रोजी निघालेल्या कोलंबिया यानात कल्पना चावला होत्या, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्याच यानात इस्रायली अंतराळवीर इलान रॅमन तेल अवीव विद्यापीठाचा एक प्रयोग सांभाळत होते. वाळवंटी धुळीचा अभ्यास हा त्याचा मुख्य हेतू, आणि रात्रीच्या बाजूला वादळांवरचे स्प्राइट व एल्व्ह टिपणे हा दुसरा. १ फेब्रुवारीला परतताना यान नष्ट झाले व सातही जण दगावले. परंतु चित्रणाचा मोठा भाग उड्डाण चालू असतानाच पृथ्वीवर पाठविला गेला होता. तो वाचला, आणि त्यावरून शोधनिबंध प्रसिद्ध झाले.

पुढच्या वर्षी, मे २००४ मध्ये, तैवानने फॉर्मोसॅट-२ हा उपग्रह सोडला. या प्रकाशांची जगभर, वर्षानुवर्षे मोजदाद करणारा तो पहिला उपग्रह. त्याने एक समजूत बदलली. छायाचित्रांत स्प्राइट अधिक येत असल्याने तोच सर्वांत नित्याचा असे वाटत होते. मोजणीत एल्व्ह कितीतरी अधिक निघाले, आणि त्यांची गर्दी उबदार समुद्रांवर. डोळ्याला जे ठळक दिसते ते संख्येनेही मोठे असतेच असे नाही.

आपल्या दाराशी घडलेली घटना सप्टेंबर २०१५ ची. डेन्मार्कचे अंतराळवीर आंद्रेआस मोगेनसेन दहा दिवसांसाठी अंतराळ स्थानकावर होते. डॅनिश शास्त्रज्ञांनी त्यांना सांगून ठेवले होते, की वाटेत प्रबळ वादळ लागले तर खिडकीतून साध्या हातातल्या कॅमेऱ्याने त्याचे चित्रण करावे. बंगालच्या उपसागराच्या परिसरातील एका वादळावर त्यांनी कॅमेरा रोखला. १६० सेकंदांच्या त्या चित्रणात सुमारे अठरा किलोमीटर उंचीच्या मेघमाथ्यावर २४५ निळे स्फुरण मोजले गेले, आणि एक निळा झोत सुमारे चाळीस किलोमीटरपर्यंत चढलेला आढळला. तीन मिनिटेही नव्हती ती! आजवर निळे झोत ही दुर्मीळ गोष्ट समजली जाई. दुर्मीळ ती नव्हती; तिच्यावर रोखलेली नजर दुर्मीळ होती.

या चित्रणाने उत्साहित होऊन, किंवा निदान त्यानंतर अधिक आशेने, डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील 'असिम' ही उपकरणसंच-वेधशाळा २ एप्रिल २०१८ रोजी अंतराळात गेली व स्थानकाच्या युरोपीय कक्षाबाहेर बसविली गेली. तिची युक्ती सांगण्यासारखी आहे. ती एकच वादळ निरनिराळ्या रंगांत पाहते. नेहमीच्या तप्त विजेत ऑक्सिजनचा एक विशिष्ट तांबडा रंग ठळक असतो. तो रंग न येता नायट्रोजनचा निळा तेवढा चमकला, तर समजावे की ही नेहमीची वीज नव्हे, वरच्या थंड हवेतील स्फुरण आहे. तिचे प्रकाशमापक सेकंदाला एक लाख वेळा मोजणी करतात. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रशांत महासागरातील नाउरू बेटाजवळच्या एका वादळावर तिने असेच पाच निळे चमकारे टिपले. प्रत्येकाचे आयुष्य सुमारे एक लक्षांश सेकंद. त्यांपैकी एकानंतर निळा झोत पन्नास किलोमीटरच्या आसपास चढला. जानेवारी २०२१ मध्ये 'नेचर'ने हा निबंध छापला.

असिमचे दुसरे काम गॅमा किरणांचे. वादळांतून, तेही पृथ्वीच्याच वादळांतून, गॅमा किरणांचे क्षणिक झोत अंतराळाकडे जातात, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले होते. ज्या उपग्रहाने ते पकडले तो दूरच्या ताऱ्यांच्या जगाकडे पाहण्यासाठी पाठविलेला होता. १० ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियाजवळच्या एका वादळावर असिमने गॅमा किरण, विजेचा लोळ आणि वरचे एल्व्ह ही तिन्ही एकत्र टिपली व त्यांचा क्रम लावला. गॅमा किरण विजेच्या प्रवाहाच्या अगदी आरंभी निघतात, आणि त्याच प्रवाहाची लहर वर पोहोचून एल्व्ह उजळते.

भारतातही हे काम चालते, आणि त्याची मुळे आपल्या शेजारीच आहेत. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होई. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार म्हटल्यावर तिच्या उपकरणांना अडथळा होणार हे दिसत होते; म्हणून हे काम अलिबागला हलविण्यात आले. त्या परंपरेतून पुढे भारतीय भूचुंबकत्व संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेलला आहे. या संस्थेच्या प्रयागराज येथील प्रयोगशाळेने वरच्या आकाशातील या प्रकाशांचे भारतीय उपखंडावरील वेध घेतले. २०१७ मध्ये तिच्या शास्त्रज्ञांनी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील व परदेशांतील सहकाऱ्यांसह या उपखंडावरील महाझोतांचे पहिले वेध प्रसिद्ध केले, आणि तेही पावसाळ्यातले.

आणखी एक उदाहरण देतो, कारण साक्षीचा प्रश्न त्यात नेमका येतो. १९ मे २०२२ च्या रात्री तिबेटच्या पठारावरून दोन हौशी चिनी छायाचित्रकारांनी हिमालयावरील एका वादळाचे चित्रण केले. त्यात १०५ स्प्राइट मिळाले. चित्रे अप्रतिम, पण कॅमेऱ्यातील वेळ नेमकी नव्हती. वेळ नाही तर कोणत्या विजेने कोणता स्प्राइट उठविला हे सांगता येत नाही. संशोधकांनी मग चित्रांत दिसणारे तारे आणि त्यांतून सरकणारे उपग्रह यांच्या स्थानांवरून प्रत्येक क्षण निश्चित केला आणि बहुतेक स्प्राइटांचा संबंध त्यांच्या विजेशी जोडला. इसनादची साखळी एका दुव्यापाशी तुटली होती. दुसऱ्या विश्वसनीय साक्षीदारांनी ती सांधली. येथे ते साक्षीदार आकाशातच होते.

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, हे सारे इतरांनी केले. आपला याच्याशी संबंध काय? आपल्या मशिदीच्या भिंतीवर नमाजच्या वेळांचा तक्ता आहे. त्यातील फज्रची वेळ पाहा. आपल्याकडील बहुतेक तक्त्यांत सूर्य क्षितिजाखाली अठरा अंश असतानाचा क्षण सुब्हे सादिक, म्हणजे खरी पहाट, मानलेला असतो. अकराव्या शतकात अंदलुसच्या जाएन नगरीतील काझी आणि गणिती इब्न मुआज अल्-जय्यानी यांनी याच क्षणाविषयी प्रश्न विचारला: सूर्य अजून इतका खाली असताना पूर्वेला उजळते ते काय? त्यांचे उत्तर असे, की पृथ्वीच्या वाफा-हवेचा सर्वांत उंच थर सूर्यकिरण आधी पकडतो. मग तो थर किती उंच? सूर्य आपल्या क्षितिजाखाली अठरा अंश असतो, तेव्हा त्याचा जो किरण पृथ्वीला जेमतेम स्पर्शून पुढे येतो, त्याचे स्पर्शस्थान आपल्यापासून अठरा अंश दूर असते. तो किरण आणि आपल्या क्षितिजाची रेषा दोहोंच्या मध्यावर, नऊ अंशांवर, एकमेकांस मिळतात. त्या बिंदूची उंची म्हणजे हवेची उंची. इब्न मुआज यांनी अठरा-एकोणीस अंश धरून ती त्यांच्या काळच्या सुमारे बावन्न मैलांएवढी काढली.

दहावीच्या विद्यार्थ्याने हे करून पाहावे. १ ला नऊ अंशांच्या कोसाइनने भागा, त्यातून १ वजा करा, आणि पृथ्वीच्या त्रिज्येने, ६,३७१ ने, गुणा. उत्तर येते सुमारे ७९ किलोमीटर. स्प्राइटच्या पट्ट्यात, एल्व्हच्या थोडे खाली.

या योगायोगातून मी काही सिद्ध करीत नाही. आजचे शास्त्र सांगते, की जमिनीला घासून जाणारे किरण वाकतात, मंदावतात, पहाटेचा उजेड एकाहून अधिक वेळा विखरून येतो, आणि हवेला अशी एक कडा नाही. इब्न मुआज यांना विजेच्या या प्रकाशांची कल्पनाही नव्हती. त्यांच्या पुस्तिकेचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. मूळ अरबी प्रत हरवली, लॅटिन व हिब्रू भाषांतरे उरली, १५४२ मध्ये लिस्बनला लॅटिन भाषांतर छापले गेले, आणि कित्येक शतके ती इब्न अल्-हैसम यांची समजली गेली. विसाव्या शतकात अभ्यासकांनी तहकीक करून ती खऱ्या लेखकाच्या नावावर केली. चुकीचा का होईना, मोठ्या नावाचा मान मिळत होता, म्हणून कुणी ती दुरुस्ती अडविली नाही.

आता पुन्हा त्या संदेशाकडे. सूरह अर्-रअदच्या बाराव्या आयतीत विजेचे दर्शन भय आणि आशा या दोन भावांशी जोडले आहे. तेराव्या आयतीत गर्जना अल्लाहची स्तुती करते आणि फरिश्तेही त्याच्या धाकाने तसेच करतात, असा आशय आहे. सूरह अर्-रूमच्या चोविसाव्या आयतीतही भय व आशा ही जोडी येते आणि त्यानंतर मृत भूमीला जिवंत करणाऱ्या पावसाचा उल्लेख. फरिश्ते हा गैबचा, अदृश्याचा विषय आहे. जे गैब आहे त्यावर श्रद्धा ठेवण्यास सांगितले आहे, कॅमेऱ्याने ते पकडण्यास नव्हे. नायट्रोजनच्या तांबड्या प्रकाशाला फरिश्ता म्हणणे म्हणजे आयतीला बळ देणे नसून तिला एका छायाचित्राच्या दावणीला बांधणे आहे. उद्या छायाचित्राचे स्पष्टीकरण वर्गात शिकविले जाईल, तेव्हा ज्या मुलाची श्रद्धा त्यावर उभी केली होती, त्याचे काय? त्या तरुणाला मी हेच विचारले. तो गप्प राहिला, आणि त्याचे गप्प राहणे मला आवडले.

या बाबतीत सर्वांत मोठा आदर्श प्रेषित मुहम्मद (स.) यांचाच आहे. त्यांचे चिमुकले पुत्र ह. इब्राहीम यांचे निधन झाले, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, की या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. एका शोकाकुल पित्याला, आणि प्रेषितत्वाच्या सत्यतेलाही, वरवर पाहता अनुकूल अशी ही खबर होती. प्रेषितांनी (स.) ती त्याच दिवशी नाकारली: सूर्य व चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या जगण्या-मरण्यामुळे त्यांना ग्रहण लागत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. निशाणी असणे आणि नियमाने घडणे यांत त्यांनी विरोध मानला नाही. नाकारला तो केवळ निराधार संबंध.

भयाचा भागही सांगायला हवा, कारण वीज हा आपल्याकडे केवळ पाहण्याचा विषय नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात वीज पडून २,८८७ माणसे मरण पावली. मराठवाडा आणि विदर्भातील शेतांत, झाडाखाली आडोशाला थांबलेली, जनावरे राखणारी माणसे दरवर्षी अशी जातात. मरण लिहिलेलेच असते, असे म्हणून झाडाखाली उभे राहणाऱ्याला आधी उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची ती प्रसिद्ध हदीस आठवून द्यावी. पुण्याच्या हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाईल ॲप वीस व चाळीस किलोमीटरच्या परिघातील विजेची सूचना देते. ते गावाकडच्या नातेवाइकांच्या मोबाईलमध्ये घालून देणे हे फरिश्त्याचे छायाचित्र पाठविण्यापेक्षा निश्चितच अधिक उपयोगाचे आहे. आणि गच्चीविषयीचा नियम सोपा: गडगडाट ऐकू आला, की खाली उतरायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचे नाही. ह. अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) गर्जना ऐकताच बोलणे थांबवून अल्लाहच्या स्तुतीचे शब्द उच्चारीत, असे मुवत्तामध्ये आले आहे. ती दुआ घराच्या आतूनही करता येते.

मुक्या विजेच्या रात्री मात्र गच्ची निर्धोक आहे, आणि त्या तरुणाला आता स्प्राइट पाहायचा आहे. त्यासाठी वादळ दोनशे-तीनशे किलोमीटर दूर हवे. तीनशे किलोमीटरवरील वादळाच्या वर पंच्याहत्तर किलोमीटर उंचीचा प्रकाश क्षितिजापासून बारा-तेरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीच्या थोडा वर दिसेल. वादळाची चमक कठड्याआड लपवून, वीस मिनिटे डोळे अंधाराला सरावू देऊन, ढगाच्या वरच्या रिकाम्या आकाशाकडे पाहावे लागते. मीरा रोडच्या दिव्यांत ते जवळजवळ अशक्य आहे, हे मी त्याला सांगितले. घोडबंदर रस्त्याच्या उजेडापासून दूर, जव्हारसारख्या ठिकाणी ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात संधी अधिक. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून एक-दोन सेकंदांची छायाचित्रे सलग घेत राहावीत. नासाच्या 'स्प्रिटॅक्युलर' या प्रकल्पाकडे हौशी लोकांनाही आपली छायाचित्रे पाठविता येतात; मात्र ठिकाण, दिशा आणि वेळ ही तिन्ही नेमकी हवीत.

त्याने वही केली आहे. पहिल्या पानावर तारीख, इशानंतरची वेळ, "दिशा पूर्व-ईशान्य, चमक ४१ वेळा, आवाज नाही" अशी नोंद असून पुढे लिहिले आहे: "ढगांच्या वर काही दिसले नाही." त्या दहा जणांनाही त्याने दुसरा संदेश पाठविला. तिघांनी उत्तर दिले.